आधी उंबरठा तपासा

उमर्टी गावातल्या पिस्तुले बनवणाऱ्या भट्ट्यांवर पुणे पोलिसांनी घातलेला छापा ही मोठी कामगिरी आहे. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातील या गावातून गावठी पिस्तुले पुण्यात येतात हे वर्षानुवर्षे सगळ्यांना ठाऊक होते. अखेर पोलीस तिथवर पोहोचले, त्यांचे अभिनंदन. पण गावठी कट्टा गुन्हा ठरतो तो त्याला कागद नसतो म्हणून. मग ज्या पिस्तुलाला कागद आहे, पण कागदावरचा पत्ताच खोटा आहे, त्याचे काय? आमच्या मते तोही तितकाच मोठा गुन्हा आहे, आणि समाजाला अधिक घातक आहे. कट्टेवाला लपून फिरतो. परवानेवाला कमरेला पिस्तूल लावून लग्नाच्या मांडवात पहिल्या रांगेत बसतो.

मुळशीतल्या भुकूमच्या विवाहितेच्या मृत्यूच्या प्रकरणाने हेच उघडे पाडले. मुळशीत राहणाऱ्या आरोपींनी पुणे शहरातले पत्ते दाखवून आयुक्तालयाकडून शस्त्र परवाने घेतल्याचे गुन्हे दाखल झाले, तेही त्या विवाहितेचा जीव गेल्यानंतर. ती गेली नसती, तर ते पत्ते आजही खरेच मानले गेले असते. पुण्यातला गुंड नीलेश घायवळने अहिल्यानगरचा पत्ता दाखवून पारपत्र मिळवल्याचे तपासात पुढे आले. त्याच्या भावाला तर पोलिसांनी नाकारलेला परवाना द्यावा, असा आदेश गृह राज्यमंत्र्यांनी अपिलात दिला. आयुक्तालयाने तो परवाना दिला नाही, म्हणून अब्रू वाचली. पण खालच्या पोलिसाने नाही म्हणायचे आणि वर मंत्र्याने हो म्हणायचे, ही रीत चालू राहिली तर उद्या कोणता ठाणेदार खरा अहवाल लिहील?

एका पुणे जिल्ह्यात परवाना देणारी तीन दारे आहेत. शिरूर आणि दौंडसारख्या ग्रामीण तालुक्यांतल्या माणसाने जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे, पुणे शहरातल्याने तिथल्या पोलीस आयुक्तांकडे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतल्याने तिथल्या आयुक्तांकडे. कोणते दार कोणाचे, हे मुख्यतः राहत्या पत्त्यावर ठरते. ज्या ठाण्याच्या हद्दीत माणूस राहतो, तेच ठाणे त्याच्या भांडणांबद्दल, गुन्ह्यांबद्दल आणि संगतीबद्दल सांगू शकते. पत्ता बदलला की चौकशी करणारे ठाणे बदलते, आणि नव्या ठाण्याला त्या माणसाचे काहीच ठाऊक नसते. खोट्या पत्त्याचा सगळा फायदा इथेच आहे. भाडेकराराचा एक कागद जोडला की गावातला इतिहास पुसला जातो. त्यात ठाण्याचा अहवाल विहित मुदतीत आला नाही, तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्येच आहे. अहवाल दडवून ठेवणाऱ्याचेही त्यात फावते.

शिरूर आणि दौंडला हे दूरचे वाटू नये. घोड आणि भीमा ओलांडली की पारनेर, श्रीगोंदा. जिल्हा वेगळा, पोलीस वेगळे. नोव्हेंबर 2024 मध्ये याच शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पोलीस आणि लष्कराच्या गुप्तचरांनी जम्मू-काश्मीरमधील राजौरीचे बनावट परवाने आणि 12 बोअरच्या बंदुका बाळगणारे सुरक्षारक्षक पकडले. परवाना शेकडो कोसांवरचा, नोकरी आपल्या दारात. रांजणगाव, शिक्रापूर, कुरकुंभच्या औद्योगिक पट्ट्यात किती कंपन्यांच्या फाटकांवर बंदूकधारी रखवालदार उभे आहेत? त्यांच्या परवान्यावर महाराष्ट्राची हद्द नोंदवलेली आहे का, हे कुणी एकदा तरी वाचून पाहिले आहे का?

आणि इथली पिस्तुले नुसती कमरेला राहत नाहीत. जुलै 2025 मध्ये दौंडच्या वाखारीतील कला केंद्रात गोळीबार झाला. भोरच्या आमदारांच्या भावासह चौघांवर यवत ठाण्यात गुन्हा दाखल झाला. जून 2022 मध्ये शिरूरच्या न्यायालयाच्या आवारात एका माजी सैनिकाने पत्नी आणि सासूवर गोळ्या झाडल्या, पत्नी दगावली. पोटगीसाठी आलेली बाई न्यायाच्या दारात मारली गेली, त्या दिवशीच या तालुक्यातल्या प्रत्येक पिस्तुलाची झडती व्हायला हवी होती.

आमच्याकडे, शिरूर-दौंडमध्ये, गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकून पैसा आला, कंपन्यांचे ठेके आले, वाळूचा धंदा आला. सोबत पिस्तूलही आले, रक्षणापेक्षा रुबाबासाठी. रानात राहणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट वेगळी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याने तिघांचे बळी घेतले. तिथला शेतकरी बंदूक मागत असेल तर त्याची भीती खरी आहे, आणि त्याचा पत्ताही खरा आहे. त्याचा सातबारा, त्याची वस्ती, त्याचे शेजारी सगळे समोर आहेत. कायद्याच्या वाटेने चालणारा हा माणूस चौकशीला कधीच घाबरत नाही. चौकशीला घाबरतो तो भाड्याच्या खोलीचा करार घेऊन येणारा.

परवाना ज्या हद्दीपुरता आहे, ती त्यावर लिहिलेली असते. मुक्काम बदलला तर तीस दिवसांत कळवायचे असते. पण परवान्याची अट मोडल्याची शिक्षा कलम 30 मध्ये किती? फार तर सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ज्याचे पिस्तूल लाखाचे, त्याला दोन हजारांची काय मातब्बरी? ही शिक्षा संसदेने वाढवलीच पाहिजे.

तोवर जिल्हाधिकारी, ग्रामीण पोलीस अधीक्षक आणि दोन्ही आयुक्तांनी एकत्र बसावे. जिल्ह्यातल्या प्रत्येक परवान्याचा पत्ता प्रत्यक्ष उंबरठ्यावर जाऊन तपासावा. सोबत पोलीस पाटील आणि तलाठी असावेत, शेजाऱ्यांचे जबाब घ्यावेत. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेता येतात, मग पत्ते तपासायला अडचण कसली? पत्ता खोटा निघाला तर परवाना रद्द करावा, शस्त्र जप्त करावे आणि खोट्या पत्त्यावर खरी सही करणाऱ्या अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदवावा. उमर्टीपर्यंत जाणाऱ्या पोलिसांना शिरूर आणि दौंडचा उंबरठा दूर नाही. ही तपासणी पुढचा बळी जाण्याआधी व्हावी.