'स्टाइल' नावाची पळवाट

'वन-पॅन केजन-स्टाइल सॉसेज राइस, फक्त ३० मिनिटांत!' या धर्तीच्या पाककृतींचं आता पीकच आलेलं आहे. साचा ठरलेला. सॉसेजच्या चकत्या जरा परता, कांदा आणि ढोबळी मिरची घाला, दोन चमचे 'केजन मसाला' भुरभुरवा, मग तांदूळ, पाणी, झाकण. जेवण तयार आणि घासायला भांडं एकच. या भांड्याशी माझं काही भांडण नाही. सॉसेजशी तर नाहीच नाही. माझं भांडण आहे ते 'स्टाइल' या शब्दाशी.

खरं तर या सगळ्यात सर्वांत अस्सल काही असेल, तर ते एकच भांडं. ज्या पदार्थाची ही नक्कल चालते तो जंबलाया. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात तो पिढ्यानपिढ्या एकाच बिडाच्या भांड्यात शिजत आला आहे. न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूज यांच्या मधे गोन्झालेस नावाचं गाव आहे. ते स्वतःला जंबलायाची जागतिक राजधानी म्हणवतं आणि दरवर्षी त्याची जत्रा भरवतं. तिथले स्पर्धक लाकडाच्या जाळावर, माणूस आत बसेल अशा कढयांमध्ये, वल्ह्याएवढे डाव घेऊन जंबलाया करतात. तेव्हा एका भांड्यातलं जेवण हा आजच्या नोकरदारांसाठी कुणी लावलेला शोध आहे, असा आव आणायचं कारण नाही.

पण त्या भांड्यात काय घडतं ते बघा. आधी आन्दुई, म्हणजे डुकराच्या मांसाचे जाडसर तुकडे आणि लसूण भरून तासन्‌तास धुरावलेलं सॉसेज. चरबी सुटेपर्यंत आणि भांड्याच्या तळाला तपकिरी थर धरेपर्यंत त्याच्या चकत्या परतायच्या. आपला 'खरवड' हा शब्द इथे चपखल बसतो. मग कांदा. कांद्याला पाणी सुटतं, त्या पाण्याने खरवड मोकळी होते आणि कांदा तिचा रंग घेतो. पाणी आटलं की पुन्हा थर धरतो. पुन्हा चमचाभर पाणी, पुन्हा तळ खरवडायचा. असं तीन-चार वेळा. कांदा गडद झाला की सेलरी, ढोबळी मिरची, लसूण. (कांदा, सेलरी, ढोबळी मिरची या त्रिकुटाला तिथली कॅथलिक मंडळी 'होली ट्रिनिटी' म्हणतात.) मग स्टॉक, उकळी, लांब दाण्याचा तांदूळ, झाकण आणि मंद आच. इथून पुढे हात आवरायचा. सारखं ढवळलं तर भाताचा लगदा होतो. केजन जंबलाया तपकिरी दिसतो तो या खरवडीमुळे. न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल जंबलाया लाल असतो तो टोमॅटोमुळे. आणि मसाला? मीठ, मिरी, लाल तिखट. कुणी थोडं थाइम, एखादं तमालपत्र घालतं. बास.

आता हिशेब मांडू. सॉसेजला १० मिनिटं, कांदा आणि भाज्यांना २०, भाताला २५, झाकण न उघडता मुरायला १०. तासाला पाच मिनिटं जास्त. भात शिजायचा वेळ कमी करता येत नाही, त्यामुळे ३० मिनिटांच्या पाककृतीत कात्री लागते ती आधीच्या अर्ध्या तासाला. म्हणजे ज्या कामामुळे हा पदार्थ घडतो तेच काम गाळायचं आणि त्याच्या जागी त्या लोकांचं नाव छापलेली डबी उपडी करायची. डबीत बहुतेकदा सर्वांत पुढे मीठ, मग पाप्रिका, लसणाची पूड आणि कांद्याची पूड. कांद्याची पूड! भांड्यात खराखुरा कांदा अर्धाकच्चा पडलेला असताना.

'करी पावडर' हे शब्द ऐकले की आपलं पित्त खवळतं. मालवणी, गोडा, काळा, कांदा-लसूण हे सगळे मसाले एका पिवळ्या पुडीत कसे काय कोंबले, असं आपण तावातावाने विचारतो. तेच आपण कॅफेत बसून 'केजन स्पाइस्ड' बटाटे मागवतो, तेव्हा तो प्रश्न कुठे जातो?

केजन हे मसाल्याचं नाव नाही. ते माणसांचं नाव आहे. आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या भागात अकादिया नावाची फ्रेंच वसाहत होती. १७५५ पासून ब्रिटिशांनी तिथल्या लोकांना घरंदारं सोडायला लावून जहाजांत कोंबलं. दहा हजारांहून जास्त लोक असे हाकलले गेले. कित्येक वाटेत, कित्येक रोगराईने मेले. त्यांतले काही १७६४-६५ पासून लुइझियानात पोचू लागले. १७८५ साली फ्रान्समधून आलेल्या सात जहाजांनी आणखी सुमारे सोळाशे जण आणले. 'अकादियँ'चं 'कादियँ' झालं आणि इंग्रजी जिभेवर 'केजन'. पुढे १९२१ च्या राज्यघटनेने शाळांमध्ये फक्त इंग्रजी ठेवलं. घरी फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना वर्गात तोंडातून फ्रेंच शब्द निघाला म्हणून शिक्षा व्हायची. फ्रेंच बोलणार नाही, असं पुन्हापुन्हा लिहून द्यावं लागायचं. राज्याने फ्रेंच जपण्यासाठी सरकारी संस्था काढली ती १९६८ मध्ये. तोवर एक अख्खी पिढी आपल्या मुलांशी आपल्या भाषेत बोलायची थांबली होती. भाषा गेली, स्वयंपाक राहिला. म्हणून तो स्वयंपाक चिमूटभर पुडीत मावतो असं कुणी म्हटलं की मला ते निरुपद्रवी वाटत नाही.

आणि भात? तो अकादियातून आलेला नव्हता. फ्रेंच वसाहतवाल्यांनी १७१९ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला सुरुवात केली, तेव्हा भातशेती जाणणारी माणसं आणि बियाण्याचा तांदूळ आणा, अशी जहाजांच्या कप्तानांना सूचना होती. फ्रेंच अमलात लुइझियानात आणलेल्या गुलामांपैकी बहुसंख्य सेनेगाम्बियातले होते. एकाच भांड्यात मांस-मासळीच्या रसात भात शिजवणं पश्चिम आफ्रिकेला नवीन नाही. सेनेगलचा थिएबूदिएन आजही तसाच होतो. जंबलायाचा बाप कोण यावर तिथे वाद आहेत आणि राहोत. पण पाण्यात उभं राहून भात कसा पिकवायचा, हे त्या मातीत कुणी शिकवलं यावर फारसा वाद नाही. 'केजन' या लेबलाखाली ती काळी माणसं आधीच झाकली गेली होती. पुढे 'स्टाइल' जोडलं की केजनही झाकले जातात. उरते ती डबी.

यावर सगळ्यात जड आक्षेप असा की डबी तर लुइझियानातल्यांनीच विकली. खरं आहे. ओपलूससचे पॉल प्रुडोम यांनी १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला रेस्टॉरंट काढलं, 'ब्लॅकन्ड रेडफिश' जगभर नेला आणि स्वतःचे मसालेही बाजारात आणले. पण तो मासा त्यांची स्वतःची कल्पना होती, आजीच्या चुलीवरचा वारसा नव्हता. आणि त्याचं वेड इतकं माजलं की १९८० च्या दशकात मेक्सिकोच्या आखातात त्या माशाच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घालावी लागली. एका कल्पक आचाऱ्याने आपल्या पदार्थासाठी केलेलं मिश्रण हा त्याचा हक्क. आपण त्याचा एका समाजाच्या स्वयंपाकाचा गोषवारा केला, हा आपला आळस.

दुसरा आक्षेप मला जास्त जवळचा वाटतो. दिवसभर राबून, लोकल पकडून घरी आलेल्या बाईला 'कांदा वीस मिनिटं परत' म्हणून सांगणारी मी कोण? कुणीच नाही. तिने तो परतूच नये. सॉसेज-भात हे चांगलं, पोटभरीचं जेवण आहे. घाईत करावं आणि मजेत खावं. मात्र त्याला 'केजन' म्हटल्याने तिचा एक मिनिटही वाचत नाही, आणि न म्हटल्याने एक मिनिटही वाढत नाही. त्या शब्दाचा फायदा मिळतो तो डबी विकणाऱ्याला. तिच्या हाती येतं भलतंच ज्ञान: चव डबीत असते, आपल्या हातात आणि भांड्याच्या तळाशी नसते. डबी संपली की ती पुन्हा दुकानात. खरवडीचं तंत्र एकदा कळलं असतं, तर तिने ते रविवारी सवडीने चिकनवर, मशरूमवर, कशावरही वापरलं असतं, फुकटात.

तिसरा आक्षेप, पदार्थ बदलतातच. अर्थात बदलतात, जंबलाया स्वतःच भेसळीतून जन्मला. पण बदलणारी माणसं बदललेल्या पदार्थाची जबाबदारी घेतात. पोर्तुगिजांचं शोरिसो गोव्यात आलं, गोंयकारांनी त्यात व्हिनेगर आणि इथल्या मिरच्या भरल्या आणि त्याचं निराळंच काहीतरी झालं. त्याच्या भाताला तिथे कुणी 'पोर्तुगीज-स्टाइल राइस' म्हणत नाही. तो शोरिसो पुलाव आहे, ताठ मानेने. पुण्यात किंवा नाशकात आन्दुई मिळत नसेल, तर गोव्याच्या सॉसेजची माळ आणा, एका भांड्यात भात करा आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारा. वरून केजन डबी ओतून दोघांचाही अपमान कशाला?

'स्टाइल' हा शब्द लावला की पाककृती लिहिणाऱ्याला कुणी काही विचारू शकत नाही. चूक दाखवली तर 'आम्ही केजन कुठे म्हटलं, केजन-स्टाइल म्हटलं', असं म्हणून तो मोकळा. नावाचा मान हवा, नावामागची मेहनत नको. म्हणून माझं म्हणणं एवढंच: अर्धा तास असेल तर 'सॉसेज-भात' लिहा. 'केजन' लिहायचं असेल, तर कांद्याची वीस मिनिटं पाककृतीत लिहून दाखवा.