आठशे तीस नावे

शाळेच्या प्रदर्शनासाठी नववीच्या मुली टेबलक्लॉथ भरत होत्या. (घरी आम्ही त्याला मेजपोश म्हणतो.) एकीने विचारले, "मॅडम, कोपऱ्यात माझे नाव घालू?" आणि आम्हाला कॉव्हेंट्रीचा टेबलक्लॉथ आठवला. सुई-दोरा बाजूला ठेवून मुलींना त्याची हकिकत सांगितली, तीच इथे देत आहोत.

कॉव्हेंट्री हे इंग्लंडमधले कारखान्यांचे शहर. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी ते भाजून काढले. एका रात्रीत पाचशेहून अधिक माणसे गेली. जुन्या कॅथेड्रलच्या नुसत्या भिंती उरल्या. पुढे १९४२ मध्ये रशियातल्या स्टालिनग्राडवर त्याहून भयंकर वेळ आली. तिथे घराघरांत, जिन्याजिन्यावर लढाई चालली होती. कॉव्हेंट्रीच्या बायकांच्या कानावर ते आले. त्यांची स्वतःची घरे अजून पडकी होती, चहा-साखरही रेशनवर मोजून मिळत होती. तरी ८३० जणींनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावे भरली, थोडे थोडे पैसे जमवले आणि दोन्ही स्टालिनग्राडला पाठवले. मोठ्या हळहळीपेक्षा छोटी मदत बरी, अशा अर्थाचे एक वाक्यही त्या कापडावर भरलेले आहे.

हे वाक्य आम्हाला फार बोचते. कुठे भूकंप, कुठे युद्ध, की आपण मोबाइलवर एक रडका चेहरा पाठवतो आणि भाजी फोडणीला टाकतो. आम्हीही त्यातलेच.

१९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, ही दोन शहरे रीतसर भगिनी-शहरे झाली. आज जगभर अशा जोड्या आहेत. आपल्या मुंबईचीही जर्मनीतल्या स्टुटगार्टशी १९६८ पासून जोडी आहे. पण मुंबईतल्या किती घरांना ते माहीत असेल? महापौर येतात, हार घालतात, फोटो निघतो. कॉव्हेंट्रीत करार नंतर झाला, नावे आधी भरली गेली, हा फरक आम्हाला मोठा वाटतो.

त्याहून अवघड गोष्ट त्या शहराने पुढे केली. फेब्रुवारी १९४५ मध्ये इंग्लंड-अमेरिकेच्या विमानांनी जर्मनीतले ड्रेस्डेन जाळले. सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. त्या ड्रेस्डेनशीही कॉव्हेंट्रीने नाते जोडले. १९६५ मध्ये ब्रिटिश तरुण मुले-मुली तिथे गेली आणि बॉम्बने पडलेले एक हॉस्पिटल उभारायला विटा-मातीत राबली. ज्यांनी आपल्याला मारले त्यांच्या दारी जाणे एक, आणि आपल्या माणसांनी ज्यांना मारले त्यांच्या दारी जाणे दुसरे. दुसऱ्याला जास्त हिंमत लागते, असे आमचे मत.

इथे गोष्ट संपवता आली असती, पण मुलींना अर्धेच सांगणे बरे नाही. स्टालिनग्राडचे नाव १९६१ पासून व्होल्गोग्राड आहे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा कॉव्हेंट्रीच्या नगरपालिकेने व्होल्गोग्राडशी असलेले संबंध थांबवले.

वर्गात यावर चांगलीच जुंपली. काहीजणी म्हणाल्या, बरोबर केले, हल्ला करणाऱ्याशी कसली मैत्री? एकजण म्हणाली, हल्ला तिथल्या बायकांनी थोडाच केला? आम्ही स्वतः दुसरीच्या बाजूने आहोत. दोन घरांतले पुरुष भांडले की बायकांनी मागच्या दाराने वाटी देणे-घेणे बंद करू नये, हे आमच्या मोहल्ल्यात आम्ही पाहिलेले आहे. पण युक्रेनमध्ये ज्या आईचे घर पडले तिच्यासमोर हे बोलायची आमची छाती होईल का, याची खात्री नाही. मुलींनाही तसेच सांगितले.

नाव घालू का विचारणारी तेवढ्यात म्हणाली, "मग तो टेबलक्लॉथ परत पाठवला का त्यांनी?"

नाही. तो व्होल्गोग्राडच्या युद्ध-संग्रहालयात आहे, सगळ्या नावांसकट. तिने मान हलवली आणि कोपऱ्यात नाव भरायला घेतले.