डॉक्टरची खुर्ची रिकामी का राहते? पैठणहून पाहिलेले आरोग्य विभागाचे मनुष्यबळ

समजा, पैठण तालुक्यातल्या एखाद्या गावात रात्री अकरा वाजता बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका आली, तुम्ही तालुक्याचे सरकारी रुग्णालय गाठले आणि तिथे सांगण्यात आले, "सिझर करावे लागेल, पण भूलतज्ज्ञ नाहीत. घाटीला घेऊन जा." पैठण ते छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय हे अंतर साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे. रात्रीचा रस्ता, आत अवघडलेली बाई आणि सोबतीला सासूबाई.

अशा वेळी नातेवाइकांचा राग निघतो तो समोरच्या नर्सवर किंवा ड्युटीवरच्या डॉक्टरवर. पण त्या रात्री जागेवर असलेली माणसे तीच असतात. जो माणूस तिथे नाही, तो का नाही, याचे उत्तर रुग्णालयात सापडत नाही. त्यासाठी सार्वजनिक आरोग्य विभाग आपली माणसे कशी निवडतो, कुठे पाठवतो आणि कशी टिकवतो, हे पाहावे लागते. गेल्या काही वर्षांतल्या बातम्या या एका प्रश्नाभोवतीच फिरत आहेत.

टक्केवारी फसवी असते

"आरोग्य विभागात इतके टक्के पदे रिक्त" अशी बातमी तुम्ही दर काही महिन्यांनी वाचता. रुग्णाच्या दृष्टीने या आकड्याचा फारसा उपयोग नाही. सिझरला स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, बाळासाठी बालरोगतज्ज्ञ लागतो, शस्त्रक्रियागृहातली प्रशिक्षित नर्स लागते आणि रक्ताची साठवण सांभाळणारा तंत्रज्ञ लागतो. या पाचांपैकी चार जण हजर असतील तर कागदावर ऐंशी टक्के पदे भरलेली दिसतील. सिझर मात्र एकही होणार नाही.

आणखी एक गोष्ट हळूहळू घडते. भूलतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणचा सर्जन दिवसभर सर्दी-खोकला तपासत बसतो. वर्षभरात त्याचा हात बसतो, मन उडते आणि तो बदलीचा अर्ज करतो. एक रिकामी खुर्ची शेजारची खुर्चीही रिकामी करते. त्यामुळे पदे भरताना ती सुटी-सुटी न भरता संच म्हणून भरायला हवीत. एका तालुक्याला स्त्रीरोगतज्ज्ञ आणि दुसऱ्याला भूलतज्ज्ञ देण्यापेक्षा दोघांना एकाच ठिकाणी पाठवणे हिताचे. दुसऱ्या तालुक्याच्या आमदारांना हे पटवणे अवघड आहे, हे मान्य.

याला किंमत आहे. बाळंतपणानंतर सुरू झालेल्या जोराच्या रक्तस्रावावर उपचार झाला नाही, तर साधारण दोन तासांत जीव जाऊ शकतो. त्यातला तासभर रस्त्यात जातो.

एक तालुका, चार मालक

पैठणमध्ये राहणाऱ्या माणसाला 'सरकारी दवाखाना' हा एकच वाटतो. प्रत्यक्षात उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहेत. तालुक्याच्या ठिकाणचे रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली येते. शहराची स्वच्छता आणि पाणी नगर परिषदेकडे. आणि तुम्हाला शेवटी जिथे पाठवतात ते घाटी, म्हणजे १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ते तर वेगळ्याच खात्याचे, वैद्यकीय शिक्षण विभागाचे आहे.

प्रत्येकाची आस्थापना वेगळी, सेवाज्येष्ठता यादी वेगळी, भरती वेगळी. त्यामुळे प्राथमिक केंद्रात जास्तीची नर्स असली तरी ती दोन किलोमीटरवरच्या रुग्णालयाला मिळत नाही. मग तोडगा निघतो तो 'प्रतिनियुक्ती'चा. माणसाचे पद एका गावात, पगार त्या गावच्या नावावर आणि काम दुसरीकडेच. कागदावर पद भरलेले असल्यामुळे तिथे नवा माणूस मागताही येत नाही. नाथषष्ठीला पैठणमध्ये लाखोंनी वारकरी येतात, तेव्हा यात्रेच्या पथकांसाठी आजूबाजूच्या केंद्रांतून कर्मचारी आणावे लागतात. तेवढे समजण्यासारखे आहे, काही दिवसांचा प्रश्न असतो. वर्षानुवर्षे चालणारी प्रतिनियुक्ती हा मात्र वेगळा आजार आहे.

म्हणून एखाद्या रुग्णालयाबद्दल विचारायचे तर तीन आकडे विचारा: मंजूर पदे किती, भरलेली किती आणि आज प्रत्यक्ष हजर किती. तिसरा आकडा सहसा कुठल्या अहवालात नसतो.

भरतीची लांबलचक वाट

पद रिकामे झाले म्हणून लगेच जाहिरात निघत नाही. आधी सुधारित आकृतिबंधाला वित्त विभागाची मंजुरी हवी. मग आरक्षणाची बिंदूनामावली तपासून घ्यायची, जाहिरात काढायची, परीक्षा घ्यायची, निकाल लावायचा, कागदपत्रे पडताळायची, नेमणुकीचे आदेश काढायचे. एवढे होऊन उमेदवार रुजू होईलच असे नाही, कारण तोवर त्याला दुसरी नोकरी मिळालेली असते. इकडे दर महिन्याला कोणी ना कोणी निवृत्त होतच असते. निवृत्तीची तारीख तर माणूस नोकरीला लागतो त्याच दिवशी कळलेली असते. तरीही भरतीची तयारी पद रिकामे झाल्यावर सुरू होते, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटत आले आहे.

आता प्रत्यक्ष काय झाले ते पाहा. जिल्हा परिषदांमधल्या आरोग्य सेवक-सेविकांसह अनेक पदांची जाहिरात मार्च २०१९ मध्ये निघाली. ती भरती रखडली, शेवटी रद्द झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० पदांसाठी नव्याने जाहिरात आली. मधल्या काळात करोनाच्या तीन लाटा येऊन गेल्या. ज्या वर्षांत उपकेंद्रातली सेविका सर्वांत जास्त लागली, त्याच वर्षांत तिची भरती अडकून पडली होती.

राज्याच्या आरोग्य विभागाची गट 'क' आणि 'ड'ची कहाणी तर आणखी वाईट. सप्टेंबर २०२१ मधली परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. उमेदवार तोवर एसटीने परीक्षेच्या गावी पोहोचले होते. २४ आणि ३१ ऑक्टोबरला परीक्षा झाली, पेपर फुटल्याचे उघड झाले आणि पुणे पोलिसांच्या तपासात खुद्द आरोग्य विभागातले अधिकारी अटकेत गेले. परीक्षा रद्द झाली. पुन्हा जाहिरात निघाली ती ऑगस्ट २०२३ मध्ये, १०,९४९ पदांसाठी. परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वाहनचालक, कक्षसेवक ही ती पदे. डॉक्टरांबद्दल आपण खूप बोलतो, पण रात्री रुग्णालय चालते ते या लोकांवर.

नांदेडनंतर काय विचारले गेले

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यातली १२ नवजात बालके होती. त्याच आठवड्यात घाटीतल्या मृत्यूंचीही चर्चा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मनुष्यबळाचा तपशील मागितला. रुग्णांचा भार जास्त आहे एवढे सांगून सरकारला जबाबदारी झटकता येणार नाही, असा न्यायालयाचा रोख होता.

त्या दिवसांत सर्वांत जास्त पाहिले गेलेले दृश्य मात्र दुसरेच होते. एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. त्या बातमीतला एक शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटला. ते अधिष्ठाता 'प्रभारी' होते. आपल्याकडे संचालकापासून तालुका आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत कितीतरी खुर्च्या अशा प्रभारी माणसांकडे असतात. प्रभारी माणूस नव्या कामाला हात घालत नाही, कुणाला जाब विचारत नाही, कारण उद्या आपण इथे असू की नाही हे त्याला माहीत नसते. स्वच्छता कामगारांची पदे रिकामी असताना, त्यांची भरती ज्याच्या हातात नाही अशा डॉक्टरच्या हाती झाडू देणे म्हणजे ताप मोजायचे सोडून थर्मामीटर फोडण्यासारखे आहे.

इथेच या विभागाची मुख्य उणीव दिसते. हजारो माणसांचा हा कारभार 'मनुष्यबळ व्यवस्थापन' म्हणून चालतच नाही, तो 'आस्थापना' म्हणून चालतो. आस्थापना म्हणजे सेवापुस्तके, रजा, वेतननिश्चिती, न्यायालयीन प्रकरणे. जिल्ह्याचा प्रमुख हा चांगला सर्जन असतो, ज्येष्ठतेने वर आलेला असतो, पण शंभर माणसांचे वेळापत्रक कसे लावावे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. गंमत अशी, की पैठण तालुक्यातल्याच पाचोडमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था गेली कित्येक वर्षे ग्रामीण आरोग्यसेवेच्या व्यवस्थापनावर काम करते आहे. म्हणजे हा विषय आपल्याकडे परका नाही.

कंत्राटी हात

रिकाम्या पदांची भोके बुजवतात ते राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी. २००५ मध्ये हे अभियान सुरू झाले तेव्हा ही तात्पुरती मदत होती. आज लसीकरण, क्षयरोग, नवजात शिशू कक्ष यांचा मोठा भार हेच लोक वाहतात. बारा-पंधरा वर्षे झाली तरी करार ठरावीक महिन्यांचाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते संपावर गेले. १४ मार्च २०२४ रोजी दहा वर्षे सेवा झालेल्यांना टप्प्याटप्प्याने नियमित पदांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय निघाला. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा संप झाला. शेजारी-शेजारी बसून एकच काम करणाऱ्या दोन नर्सच्या पगारात मोठा फरक असेल, तर कमी पगाराची नर्स शहरातल्या खासगी रुग्णालयाकडे पाहणारच. प्रशिक्षणाचा खर्च आपण करायचा आणि माणूस दुसऱ्याने न्यायचा.

मग करता काय येईल?

तामिळनाडूने २०१२ मध्ये वैद्यकीय भरतीसाठी स्वतंत्र मंडळ नेमले. आरोग्याची पदे इतर खात्यांच्या रांगेत उभी राहत नाहीत, हा त्याचा फायदा. छत्तीसगडने दुर्गम भागातल्या डॉक्टरांना जादा मोबदला देणारी योजना आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० आणि २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांचा सूर असा, की गावात टिकतो तो बहुधा गावातून आलेला विद्यार्थी. शिवाय त्याला राहायला बरे घर, मुलांना शाळा, पुढे शिकायची संधी आणि एकटे न पडण्याची खात्री लागते. नुसते पैसे पुरत नाहीत.

आपला भर मात्र बंधपत्रावर आहे. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख भरायचे. माझ्या मते हा फार कच्चा आधार आहे. वर्षभरासाठी आलेला मुलगा एका डोळ्याने रुग्ण आणि दुसऱ्याने 'नीट पीजी'चे पुस्तक पाहतो. गावाची ओळख होईपर्यंत त्याचा निरोप समारंभ येतो.

बदल्यांबाबत २००५ चा कायदा आहेच. सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाळ आणि एप्रिल-मेमध्ये बदल्या, हे त्यात लिहिलेले आहे. रिकाम्या जागा पडद्यावर दाखवून, ज्येष्ठता आणि अवघड भागातली सेवा पाहून, सर्वांसमोर समुपदेशनाने बदल्या केल्या तर चिठ्ठ्या-चपाट्यांना जागा उरत नाही. पदे किती हवीत हेही केवळ लोकसंख्येवर ठरवू नये. मैदानी भागात तीस हजारांमागे एक प्राथमिक केंद्र हा निकष ठीक, पण एका केंद्रात महिन्याला दहा बाळंतपणे होतात आणि दुसऱ्यात साठ. कामाच्या मोजमापावरून माणसे ठरवण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने केव्हाच तयार करून ठेवली आहे. बिडकीनला औद्योगिक वसाहत वाढते आहे. तिथे येणारा कामगार आज जनगणनेच्या जुन्या आकड्यांत नाही, पण अपघात झाला तर तो याच रुग्णालयांत येणार आहे.

तुम्ही आज काय करू शकता

घरात गर्भवती असेल तर सातव्या-आठव्या महिन्यातच आशाताईंना किंवा नर्सला स्पष्ट विचारा: आपल्या रुग्णालयात रात्री सिझर होते का, भूलतज्ज्ञ आठवड्यातून कोणत्या दिवशी असतात, रक्त मिळते का? आधी सिझर झालेले असेल, रक्तदाब वाढलेला असेल, हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल किंवा जुळे असेल, तर कळा सुरू व्हायची वाट न पाहता सर्व सोयी असलेले ठिकाण आधीच ठरवा. रक्तस्राव, झटके किंवा साप चावणे अशा वेळी मात्र आधी जवळच्या रुग्णालयातच जा. सलाईन, पहिली इंजेक्शने आणि सर्पदंशावरची लस तिथे सुरू होऊ शकते. पुढे पाठवायचे झाल्यास कागदावर वेळ, दिलेले औषध आणि कारण लिहून घ्या, आणि तिथल्या डॉक्टरांना पुढच्या रुग्णालयात फोन करायला सांगा.

आणि सवड मिळाली की माहितीचा अधिकार वापरा. २००५ च्या या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी स्वतःहून जाहीर करायची असते. ती पाहायला मिळाली नाही, तर साध्या कागदावर, दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. मंजूर, भरलेली आणि प्रतिनियुक्तीवर बाहेर गेलेली पदे, हे तीन रकाने त्यात मागा. उत्तराची मुदत तीस दिवस आहे. आलेले उत्तर रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांपुढे ठेवा आणि समितीच्या बैठकीत हा विषय इतिवृत्तात नोंदवायला सांगा.