घाम खेळाडूचा, फोटोचा भाव कोणाचा?

खेळाच्या मैदानाशेजारी आता एक नवा बाजार उभा राहिला आहे. शहरातली मॅरेथॉन असो की तालुक्याच्या गावची कबड्डी, छायाचित्रकार कडेला बसून शेकडो फोटो टिपतो आणि दुसऱ्या दिवशी खेळाडूच्या मोबाइलवर त्याचाच फोटो येतो. मात्र त्या फोटोवर छायाचित्रकाराचे नाव आडवे छापलेले असते. ते नाव काढून स्वच्छ फोटो हवा असेल तर पैसे मोजा! मॅरेथॉनमध्ये तर छातीवरच्या क्रमांकावरून किंवा चेहऱ्यावरून धावपटूचे सगळे फोटो क्षणात शोधले जातात. एका फोटोचा एक भाव, सगळे घेतले तर दुसरा. प्रवेश फी त्याने भरली, घाम त्याने गाळला आणि स्वतःचा चेहराही त्यानेच विकत घ्यायचा, हा कुठला न्याय?

कायदा काय म्हणतो ते आधी समजून घेतले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती. छायाचित्रात जो दिसतो त्याला त्यावर मालकी नाही, आणि हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. याच कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन कलावंतांना 'सादरकर्ता' म्हणून हक्क मिळाले. त्या व्याख्येत नट, गायक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, इतकेच काय गारुडीही आहे. खेळाडूचे नाव मात्र तिथे नाही. दोरीवर चालणाऱ्याच्या कलेची दखल कायद्याने घेतली याचा आम्हाला आनंदच आहे. पण चढाई करून गडी टिपणाऱ्या पोरीचे कौशल्य त्याहून कमी कसे?

हा प्रश्न केवळ गरीब खेळाडूंचा आहे असेही नाही. अमेरिकेतला बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स याने स्वतःचा सामन्यातला फोटो फेसबुकवर टाकला, म्हणून २०२० साली एका छायाचित्रकाराने त्याच्यावर दावा ठोकला. २०२१ साली तडजोड होऊन तो मिटला. जेम्सकडे वकिलांची फौज होती. आमच्या वस्तीतल्या खेळाडूला नोटीस आली तर त्याने कोणाच्या दारात जायचे?

परंतु येथे एक गोष्ट आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. छायाचित्रकार हा खेळाडूचा शत्रू नाही. हप्त्यावर कॅमेरा घेऊन, दिवसभर उन्हात बसून, रात्री जागून हजार फोटोंतून शंभर निवडणारा तो पोरगा बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. 'आपल्याच मंडळाचे काम आहे, फुकट करून टाक' असे त्याला सांगणे ही वेठबिगारी आहे. तुटपुंज्या मोबदल्यात रात्रंदिवस राबवून घेणाऱ्या वतनी पद्धतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी कोणाचेही श्रम फुकट मागू नयेत. तेव्हा प्रश्न छायाचित्रकाराला पैसे द्यावेत की नाही हा नाहीच. ते कोणी द्यावेत, हा खरा प्रश्न आहे.

साधा हिशेब मांडू. समजा कबड्डीच्या स्पर्धेत आठ संघ आहेत. संघात बारा खेळाडू धरले तर एकूण ९६ झाले. छायाचित्रकाराची दिवसाची मजुरी सहा हजार रुपये धरू. त्याने ती खेळाडूंकडून वसूल करायची ठरवले आणि फोटोला दोनशे रुपये भाव लावला, तर ३० जणांनी फोटो घेतले की त्याचे पैसे सुटतात. उरलेल्या ६६ जणांच्या हाती काहीच नाही. ज्याच्या खिशात दोनशे रुपये आहेत त्याची आठवण शिल्लक राहिली, बाकीच्यांची पुसली गेली. उलट तेच सहा हजार आयोजकांनी स्पर्धेच्या खर्चात धरले तर माणशी साडेबासष्ट रुपये पडतात. एवढ्यात ९६ जणांना फोटो मिळतो आणि छायाचित्रकारालाही किती खपतील याची धास्ती राहत नाही. मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचे हारतुरे यांवर खर्च करताना हात आखडत नाही. मग खेळाडूच्या फोटोलाच तो का आखडावा?

कायदाही या मार्गाच्या आड येत नाही. मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, असे याच कायद्याचे १७ वे कलम सांगते. म्हणजे मंडळाने रीतसर पैसे दिले, तर तो फोटो खेळाडूंना वाटण्याचा हक्क मंडळाचाच आहे.

आता धंद्याचे बोलू. खेळाडूने फोटो घरात लावणे वेगळे आणि बुटाच्या कंपनीने तो फलकावर लावणे वेगळे. भाव ठरवायचा तर तो वापर पाहून ठरवला पाहिजे. ज्याला त्या फोटोतून नफा कमवायचा आहे त्याने पूर्ण किंमत मोजावी, खेळाडूची लेखी संमती घ्यावी आणि त्याचा वाटा त्याला द्यावा. प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीचा असतो, स्पर्धेचा नव्हे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ सालीच म्हटले आहे. तो हक्क केवळ नामवंत क्रिकेटपटूंपुरता का राहावा?

फोटो ही चैन नाही, तो इतिहासाचा पुरावा आहे. पुण्यात इंग्रज साहेबांच्या क्लबात पळवणकर बाळू तासन् तास गोलंदाजी करत. बॅट मात्र साहेबांच्या हाती. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी जातीमुळे त्यांना हिंदू संघाचे कप्तानपद मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. अशा माणसाची कामगिरी समाजाला पुन्हा शोधून काढावी लागते, कारण नोंद ठेवण्याची साधने दुसऱ्यांच्या हाती होती. आज कॅमेरा आपल्या हाती आहे. तरीही आपल्या पोरापोरींची नोंद पैशाअभावी हरवणार असेल तर तो दोष कोणाला द्यायचा?

म्हणून भीमजयंतीनिमित्त स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आमचे सांगणे आहे. छायाचित्रकाराची मजुरी वर्गणीच्या हिशेबात आधीच धरा. त्याच्याशी एक पानाचा लेखी करार करा. प्रत्येक खेळाडूला किमान एक स्वच्छ फोटो मोबाइलवर विनामूल्य द्या. छापील प्रत हवी असेल तर छपाईपुरते पैसे घ्या. फोटोखाली छायाचित्रकाराचे नाव जरूर द्या, पण ते खेळाडूच्या तोंडावर छापू नका. अल्पवयीन खेळाडूंचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय कोणालाही विकू देऊ नका. आणि जाहिरातदार आला तर खेळाडूला बाजूला सारून व्यवहार करू नका.

सरकार किंवा बड्या क्रीडा संघटना हे करतील तेव्हा करतील. समतेची सुरुवात आपल्या मैदानापासून करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या १४ एप्रिलच्या स्पर्धेचा जमाखर्च मांडाल तेव्हा त्यात ही एक ओळ वाढवा.