वायूपासून इंधन : आधी विजेचा हिशेब

मुंबईच्या पूर्व उपनगरातील कांजूरमार्ग येथे शहराचा बहुतेक कचरा नेऊन टाकला जातो. तो बंदिस्त कप्प्यांत भरावयाचा, त्यात ओलावा राखावयाचा व कुजताना निघणारा वायू नळ्यांनी ओढून घ्यावयाचा, अशी तेथील पद्धत आहे. तरीही दुर्गंधीविषयी कांजूर, भांडुप व विक्रोळी येथील रहिवाशांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत, आणि हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. शहराच्या उकिरड्याशी खेड्याचा काय संबंध, असे वाचकांस वाटेल. परंतु संबंध निकटचा आहे. हवा न लागता कुजणाऱ्या कोणत्याही पदार्थातून, मग तो कांजूरचा कचरा असो वा गोठ्यामागचा शेणाचा ढीग असो, मिथेन आणि कर्बाम्ल वायू म्हणजेच कार्बन डायऑक्साइड हे दोन वायू मुख्यतः निघतात. दोन्ही वायू पृथ्वीची उष्णता कोंडून धरतात. त्यांतही मिथेन अधिक घातक आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो वजनास वजन कर्बाम्ल वायूच्या सुमारे 28 पट उष्णता कोंडतो.

ह्या दोन अपायकारक वायूंपासून उपयुक्त इंधन करावे, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न चालू आहे. त्यासाठी प्लाझ्माचा उपयोग केला जातो. घन, द्रव व वायू या पदार्थाच्या तीन अवस्था आपणांस परिचित आहेत. वायूतून जोरदार वीज खेळविली असता त्याच्या कणांपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. ही चौथी अवस्था म्हणजे प्लाझ्मा होय. पावसाळ्यात आकाशात कडाडणारी वीज हा क्षणभर टिकणारा प्लाझ्माच असतो. मिथेन व कर्बाम्ल वायू यांचे मिश्रण अशा विजेतून नेले असता त्यांचे रेणू फुटतात आणि हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड हे ज्वलनशील वायू तयार होतात. त्यांपासून पुढे मिथेनॉल किंवा डिझेलसारखे द्रव इंधनही करता येते.

कल्पना उत्तम आहे, यात शंका नाही. तथापि कोणतीही भट्टी विकत घेण्यापूर्वी शेतकरी जो प्रश्न विचारतो, तोच येथेही विचारला पाहिजे : खर्च किती आणि तो कोठून भागवावयाचा? केवळ कर्बाम्ल वायू फोडावयाचा म्हटला, तर एका किलोस, कोणतीही तूट न धरता, किमान 1.8 युनिट वीज लागते. प्रत्यक्षात याहून अधिक लागते. कोळशावर एक युनिट वीज तयार होताना सुमारे एक किलो कर्बाम्ल वायू हवेत जातो, आणि आपल्या देशातील बहुतांश वीज अजून कोळशावरच तयार होते. म्हणजे एक किलो वायू फोडण्यासाठी पावणेदोन किलोंहून अधिक वायू नव्याने निर्माण करावयाचा! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तो हाच. मिथेन सोबत असला म्हणजे ही गरज थोडी कमी होते, पण संपत नाही. म्हणून सूर्य, वारा किंवा पाणी यांपासून मिळणारी वीज उपलब्ध असेल, तेथेच ह्या विद्येला अर्थ आहे.

शेतीच्या इतिहासात याचा एक दाखला आहे. 1903 साली नॉर्वेमध्ये बिर्कलांड व आयडे यांनी विजेच्या ज्वाळेतून हवा नेऊन तिच्यातील नत्र बांधण्याची युक्ती काढली, आणि 1905 पासून तेथे त्या मार्गाने खत तयार होऊ लागले. तोही प्लाझ्माच होता. धबधब्यांवरील वीज स्वस्त होती म्हणून तो कारखाना चालला; परंतु फार कमी ऊर्जेत तेच काम करणारी हाबर-बॉश पद्धत आली, तेव्हा तो मागे पडला. विद्या खोटी नव्हती. विजेच्या हिशेबात ती हरली.

याचा अर्थ संशोधन थांबवावे, असा नव्हे. कांजूरमार्गच्या शेजारीच पवई येथे मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये 2022 साली कर्बवायू पकडून त्याचा उपयोग करण्याविषयीचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आहे. अशा संस्थांनी हे काम नेटाने करावे. परंतु प्रयोगशाळेचे काम प्रयोगशाळेने करावे आणि गावाचे गावाने. मिथेन जमा करून जाळण्यास गावाला प्लाझ्माची वाट पाहण्याचे कारण नाही.

गोबर गॅसचे संयंत्र हेच काम विजेवाचून करते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार 1960 च्या दशकापासून चालविला आहे. रोज सुमारे 50 किलो ताजे शेण मिळत असेल, तर दोन घनमीटरचे संयंत्र चालते व पाच-सहा माणसांच्या कुटुंबाचा स्वयंपाक होतो. मिथेन चुलीत जळून जातो, सरपण वाचते आणि मळीच्या रूपाने चांगले खत हाती येते. मात्र गळकी टाकी किंवा न वापरता मोकळा सोडलेला वायू हा लाभ नव्हे, तोटाच होय. कित्येक गावांत बांधलेली संयंत्रे केवळ दुरुस्तीअभावी बंद पडून आहेत. नवे यंत्र आणण्यापूर्वी जुने चालू करणे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे पहिले कर्तव्य समजले पाहिजे.

उद्या कोणी विक्रेता प्लाझ्माची भट्टी घेऊन ग्रामपंचायतीकडे आला, तर त्यास तीन प्रश्न विचारावेत. एक किलो वायूस किती युनिट वीज लागते? ती वीज कोठून येते? तयार झालेले इंधन कोण, कोणत्या भावाने घेणार? या तिन्हींची लेखी उत्तरे मिळाल्यावाचून पंचायतीचा एक रुपयाही खर्च होऊ देऊ नये. आणि उत्तरे येईपर्यंत गोठ्यातील शेण उघड्यावर न टाकता टाकीत जाईल, एवढे पाहावे.