चालू ए.सी. म्हणजे राखणदार नव्हे



दर रविवारी वर्ग सुटायच्या सुमारास आपल्या पार्किंग लॉटमध्ये पाच-सहा गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात दुसरे काय करणार? आम्हीही तेच करतो. पण कधी कधी त्यातल्या एखाद्या गाडीत मागच्या सीटवर एखादे मूल एकटेच झोपलेले असते. आज त्याबद्दल लिहायचे आहे, कारण गेल्या ऑगस्टमध्ये ते मूल आमचे होते.

धाकटा चार वर्षांचा. गाडीत झोप लागली होती, उठवले तर रडारड होणार. म्हणून रिमोट स्टार्टने इंजिन आणि ए.सी. चालू केला, दारे लॉक केली आणि थोरलीला आणायला आम्ही दोघेही 'दोन मिनिटांसाठी' आत गेलो. आत गणपतीतल्या नाटकाचा विषय निघाला. दोन मिनिटांची पंधरा कधी झाली, कळलेच नाही. परत आलो तर इंजिन बंद, ए.सी. बंद, काचा बंद आणि पोर घामाने चिंब होऊन रडतेय. लगेच आत थंडाव्यात नेले, पाणी पाजले, निभावले. पण त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली नाही.

गाडीत काहीही बिघाड नव्हता. रिमोटने सुरू केलेले इंजिन दहा मिनिटांनी आपोआप बंद व्हावे, अशी योजनाच आमच्या गाडीत आहे. माहितीपुस्तकात तसे स्पष्ट छापलेले आहे. लोक मॅन्युअल वाचत नाहीत म्हणून ऑफिसात कुरकुर करणारे आम्ही सॉफ्टवेअरवाले. आमचे स्वतःचे पुस्तक मात्र न उघडता पडून होते.

पेट्रोलच्या गाडीत ए.सी.चा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन थांबले की थंडावा संपला. बाहेर ९५ अंश फॅरनहाइट असेल, तर उन्हातल्या बंद गाडीतली हवा दहा मिनिटांत जवळजवळ २० अंशांनी आणि अर्ध्या तासात सुमारे ३४ अंशांनी तापते. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी अमेरिकेत पन्नासहून अधिक मुले गाडीत उष्माघाताने दगावली. टेक्सासच्या कायद्यानुसार सात वर्षांखालील मुलाला, सोबत किमान चौदा वर्षांचे कोणी नसताना, पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडीत ठेवणे हा गुन्हा आहे. आम्ही त्या दिवशी तो केला.

कोणी म्हणेल, आमची गाडी विजेची, तिचा ए.सी. इंजिनाशिवाय चालतो. खरे आहे. पण एकटे मूल हाताला येईल ते बटण दाबते. आणि थंडावा बंद पडला, तर ते कोणाला सांगणार?

मोठ्या माणसांनी गाडीत जरूर थांबावे, पण थोडे भान ठेवून. गाडी उघड्या जागी उभी करावी, गॅरेजमध्ये कधीच नाही, दार उघडे असले तरीही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोके जड झाले, मळमळले, तर ताबडतोब बाहेर पडावे. वाळक्या गवतावर गाडी लावू नये; खालचा तापलेला भाग गवत पेटवू शकतो. गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि अधूनमधून नजर इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर असावी, कारण उभ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही. इंजिन चालू ठेवून झोपू नये. शिवाय तासाला पाव ते अर्धा गॅलन पेट्रोल जळते, आणि तो धूर वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलांच्याच नाकात जातो.

त्यापेक्षा सर्वांनी आतच येऊन बसावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मागच्या बाकांवर जागा असते. धाकट्यांच्या कानावर चार मराठी शब्द पडतील, तेही फुकट! झोपमोड झाली म्हणून पोर दहा मिनिटे रडेल. रडू द्या. वर्गात व्यत्यय आला तर शिक्षकांनी सांभाळून घ्यावे, ही त्यांना विनंती.

आणि मुलांनो, एखादे छोटे मूल गाडीत एकटे दिसले, तर इंजिन चालू आहे की बंद हे बघत बसू नका. धावत जाऊन मोठ्या माणसाला सांगा. जवळ कोणीच नसेल, तर ९११ ला फोन करा. कोणी रागावणार नाही. त्या दिवशी तुमच्यापैकी कोणी आम्हाला सांगायला आले असते, तर आम्ही त्याचे आभारच मानले असते.

— एक पालक