व्यवस्थापकाची खुर्ची आणि कांद्याची चाळ

चांदवडच्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाने १९२८ मध्ये शिक्षणकार्यास आरंभ केला. २००४ मध्ये त्याच संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान महाविद्यालयांना जे दार उघडून दिले, त्या दारातूनच ग्रामीण भागात हे शिक्षण पोहोचले. त्या धोरणावरील टीका रास्तच होती. तथापि शेतकऱ्याची मुलगी एस. टी.ने ये-जा करून अभियंता होऊ शकते, हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही.

प्रश्न पदवीनंतरचा आहे. औद्योगिक तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणात कामाचे मोजमाप, साठ्याचे नियंत्रण, गुणवत्तेची पारख, वाहतुकीचे नियोजन हे विषय येतात. आणि व्यवस्थापकाच्या खुर्चीकडे जाणारी वाट बहुधा तेथूनच निघते. या शिक्षणासाठी भारत सरकारने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने १९६३ मध्ये पवईला राष्ट्रीय संस्था उभारली. २०२३ मध्ये तिचे ‘भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई’ असे रूपांतर झाले. नावातून अभियांत्रिकी गेली, व्यवस्थापन तेवढे उरले! लाखांच्या घरातील शुल्क कर्ज काढून भरणारा तरुण मग सर्वाधिक पगार देणाऱ्या कंपनीकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यावा? हातात घड्याळ घेऊन मजुराचे मिनिट मोजण्याची विद्या तो शिकतो. त्या मिनिटाची किंमत कोणी ठरवावी, हे मात्र त्याला कोणी शिकवीत नाही.

इकडे त्याच्याच तालुक्यात एप्रिलमध्ये चाळीत भरलेला उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत वजनाने घटतो, सडतो, त्याला कोंब फुटतात. चाळीची रुंदी किती असावी, थर किती उंच रचावा, हवा कशी खेळवावी, कोणता माल आधी बाजारात न्यावा, हे सारे साठा-नियंत्रणाचेच प्रश्न नव्हेत काय? केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लादली, तेव्हा चांदवडला शेतकरी महामार्गावर उतरले. असला आघात कोणतेही तंत्र परतवू शकत नाही, हे खरे. परंतु चाळीतील नासाडीला दिल्ली जबाबदार नाही.

शासनाने ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालयांतच नोकरी सांभाळून करता येण्याजोगा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करावा व त्याचे शुल्क स्वतः सोसावे. विद्यार्थ्याचा प्रकल्प बाजार समितीत, सहकारी संस्थेत किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात व्हावा. कारखान्यातील प्रकल्पाच्या परीक्षणास कामगार संघटनेचा प्रतिनिधी बसावा. मालक मंडळी नाक मुरडतील. पण ज्याच्या श्रमाचे मोजमाप होणार, त्यालाच खोलीबाहेर ठेवण्याचे शास्त्रीय कारण त्यांनी एकदा सांगावे.